दोष तिकीट काढणाऱ्यांचा नाही

पिट्सबर्ग पायरेट्स हा आमचा बेसबॉल संघ गेल्या हंगामात १६२ सामन्यांपैकी ७१ जिंकला आणि ९१ हरला. त्याआधीच्या दोन्ही हंगामांत ७६ विजय आणि ८६ पराभव. वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगचं अंतिम विजेतेपद, शेवटचं जिंकलं ते १९७९ मध्ये. आता नवा हंगाम तोंडावर आला आहे, फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला सराव सुरू झाला आहे आणि इकडे पिट्सबर्गमध्ये दरवर्षीचा वाद पुन्हा पेटला आहे. एक बाजू म्हणते, तिकिटं काढणं बंद करा. मालक बॉब नटिंग खेळाडूंवर पैसा खर्च करत नाहीत आणि तुम्ही मात्र स्टेडियमकडे धावता, म्हणून त्यांचं फावतं. दुसरी बाजू म्हणते, खरा चाहता कुरकुर करत नाही. पडत्या काळात जो साथ देतो तोच आपला. दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडतात, पण करतात एकच गोष्ट: चाहत्याच्या निष्ठेची झडती घेतात. संघ का हरतो, हा प्रश्न बाजूला राहतो आणि मंगळवारी संध्याकाळी मुलीला घेऊन सामना बघायला गेलेल्या बापाची उलटतपासणी सुरू होते.

मला हा सगळा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो. मी या संघाचा चाहता आहे, यंदाही सामन्यांना जाणार आहे आणि यंदाच्या संघाकडून मला खरोखर आशा आहे. ही आशा म्हणजे भाबडेपणा नाही, आणि मालकाच्या कंजुषीला दिलेली संमती तर नाहीच नाही. स्टेडियम भरल्याने किंवा ओस पडल्याने आजच्या बेसबॉलमध्ये मालकाचं वर्तन बदलत नाही. ते बदलेल नियमांनी: लीगच्या सामायिक पैशाला खर्चाची अट लावली, आणि लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या स्टेडियमच्या करारात लोकांचा शब्द घातला, तर. भांडायचं असेल तर यासाठी भांडू या.

आधी समोरच्यांचा सर्वांत सबळ मुद्दा मान्य करतो. बहिष्कारवाद्यांच्या हातात डेन्व्हरचं उदाहरण आहे आणि ते खोडून काढणं सोपं नाही. तिथला संघ, कोलोरॅडो रॉकीज, २०२५ मध्ये ४३ सामने जिंकले आणि ११९ हरले. इतका वाईट हंगाम बेसबॉलच्या आधुनिक इतिहासात फार थोड्या संघांच्या वाट्याला आला आहे. तरीही त्यांच्या घरच्या सामन्यांना वर्षभरात २४ लाखांच्या आसपास लोक गेले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी डोंगरांमागे सूर्य मावळताना बघत बसायला ती जागा सुंदर आहे, हे कारण असेल. पण कारण काही असो, हरण्याची किंमत मालकाला तिकीटखिडकीवर मोजावी लागली नाही. मग तो सुधारणार कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडेही तसंच आहे. पीएनसी पार्क हे देशातल्या सर्वांत देखण्या मैदानांपैकी एक. सामन्याच्या दिवशी रॉबेर्तो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात आणि माणसं त्या पिवळ्या पुलावरून पायी ॲलेगेनी नदी ओलांडून मैदानात शिरतात. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो, समोर कोणता संघ आहे हे न बघता. असा गिऱ्हाईक मालकाला कोणती भीती घालणार?

त्यांचा दुसरा मुद्दाही खरा आहे: आमची आशा आधी वापरली गेली आहे. १९९२ मध्ये वर्ल्ड सीरिजच्या आधीच्या मालिकेत, अटलांटाविरुद्ध सातव्या आणि निर्णायक सामन्यात शेवटच्या क्षणी पायरेट्स हरले. विजयी धाव काढणारा सिड ब्रीम पूर्वी आमचाच खेळाडू होता, हे दुखणं वेगळंच. त्यानंतर आमचा तारा बॅरी बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९९३ ते २०१२ असे सलग २० हंगाम संघाने विजयांपेक्षा पराभव जास्त पाहिले. उत्तर अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक खेळांत एवढी लांब रांग दुसऱ्या कोणत्याही संघाची नाही. मग २०१३ उजाडलं. ९४ विजय, सिनसिनाटीविरुद्धचा तो वाइल्ड कार्ड सामना (प्लेऑफमधली एकाच सामन्याची पहिली फेरी), काळे कपडे घालून आलेलं अख्खं स्टेडियम त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) जॉनी क्वेटो याचं नाव एका सुरात घेतंय, त्याच्या हातून चेंडू खाली पडतो आणि त्यापुढच्याच चेंडूवर आमचा रसेल मार्टिन होम रन मारतो, म्हणजे चेंडू थेट सीमेपार. २०१४ आणि २०१५ मध्येही संघ प्लेऑफला गेला. २०१५ मध्ये ९८ सामने जिंकला आणि सुमारे २५ लाख लोक मैदानावर आले. पिट्सबर्ग शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास आहे, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा. त्या गर्दीचं फळ काय मिळालं? जानेवारी २०१८ मध्ये, एकाच आठवड्यात, पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला आणि अँड्र्यू मकचन सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकले. मकचनने तर या शहराला वीस वर्षांनी मान वर करायला शिकवलं होतं. ज्यांनी त्या वेळी पुन्हा मैदानात पाऊल टाकणार नाही असं ठरवलं, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. पण बहिष्काराने काय होतं, हे ओकलंडने दाखवून दिलं आहे. ओकलंड ॲथलेटिक्सच्या मालकांनी चांगले खेळाडू एकामागून एक विकले, मैदानाची दुरवस्था होऊ दिली, आणि चाहत्यांनी पाठ फिरवली. २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला आणि वर्षभरात नऊ लाख लोकसुद्धा फिरकले नाहीत. ही रिकामी आसनं पाहून मालक जॉन फिशर वठणीवर आले का? उलट, ‘या शहराला संघ नकोच आहे’ असं म्हणायला त्यांना आयताच पुरावा मिळाला. तेव्हा ओकलंडच्या चाहत्यांनी अतिशय हुशारीची गोष्ट केली. १३ जून २०२३ रोजी त्यांनी उलटा बहिष्कार पुकारला: आज सगळ्यांनी यायचं. २७,७५९ लोक आले, हिरव्या टी-शर्टांवर ‘सेल’ एवढा एकच शब्द, म्हणजे संघ विकून टाका. संघ त्या दिवशी जिंकलासुद्धा, सलग सातव्यांदा. आणि त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासमधल्या नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला. २०२४ च्या हंगामानंतर ओकलंडमधून संघ गेला तो गेलाच.

डेन्व्हरची भरलेली गॅलरी आणि ओकलंडची ओस गॅलरी शेजारी ठेवून बघा. एकीकडे लोक आले, काही बदललं नाही. दुसरीकडे लोक आले नाहीत, काही बदललं नाही. मग एके दिवशी सगळे आले, तरीही नाही. तर मग गॅलरीतली गर्दी ही मालकाच्या नाकातली वेसण आहे, हे गृहीतक कुठून आलं? ते आलं जुन्या काळातून, जेव्हा संघाची चूल खरोखरच तिकिटांवर पेटायची. आज देशपातळीवरच्या प्रक्षेपणाचे पैसे तीसही संघांत सारखे वाटले जातात. शिवाय प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के भाग एका सामायिक कुंडात टाकतो आणि ते कुंड सगळ्यांत समान वाटलं जातं. म्हणजे लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्कचा पैसा पिट्सबर्गकडे वाहत येतो. तत्त्व उत्तम आहे, मी त्याचा समर्थक आहे. पण हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधीच मोठी रक्कम निश्चित असलेल्या मालकाला, माझं एक तिकीट गेलं किंवा राहिलं, याने किती फरक पडणार? आयपीएल बघणाऱ्या मराठी वाचकाला हे गणित नवं नाही. तिथेही संघ तळाला असो वा शिखरावर, मध्यवर्ती उत्पन्नाचा मोठा वाटा ठरलेलाच असतो.

या सामायिक पैशाबद्दल मालक आणि खेळाडू यांच्यातल्या करारात एक कलम आहे: हा पैसा मैदानावरची कामगिरी सुधारण्यासाठी वापरला पाहिजे. छान कलम आहे, पण ते किती ढिलं आहे हे २०१८ मध्ये दिसलं. खेळाडूंच्या संघटनेने चार संघांविरुद्ध तक्रार दाखल केली की हे पैसे घेऊन तुम्ही खेळावर खर्च करत नाही. ते चार संघ म्हणजे मायामी, टॅम्पा बे, ओकलंड आणि पिट्सबर्ग. ‘कामगिरी सुधारण्यासाठी’ याचा अर्थ काय, किती डॉलर, कधीपर्यंत, न केल्यास काय? कलमात आकडाच नसेल तर जाब कसा विचारणार? पायरेट्सच्या इतिहासात मुक्त खेळाडूला (जुना करार संपून मोकळ्या झालेल्याला) दिलेला सर्वांत मोठा करार आजही डिसेंबर २०१४ मधला आहे: फ्रान्सिस्को लिरियानो, तीन वर्षांचे ३ कोटी ९० लाख डॉलर. त्यानंतर लीगमधले पगार कुठच्या कुठे गेले. लॉस एंजेलिसने शोहेई ओतानीला ७० कोटी दिले, न्यू यॉर्क मेट्सने हुआन सोटोला साडेशहात्तर कोटी. आम्ही लिरियानोपाशीच थांबलो.

हे आकडे ऐकले की वादात तिसरा पक्ष उतरतो आणि मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण त्याचं म्हणणं सर्वांत गोड आहे. तो म्हणतो, मालकांना कशाला बोलता, पगारावर कमाल मर्यादा आणा, सगळे संघ समान होतील. सध्याचा मालक-खेळाडू करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे आणि ‘सॅलरी कॅप’ हा पुढच्या वाटाघाटींतला कळीचा मुद्दा असणार. पिट्सबर्गमध्ये या मागणीला फार वजन आहे आणि त्याचं कारण प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमच्याच शहरातला हॉकीचा संघ, पेंग्विन्स, १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेला होता. हॉकीत २००५ पासून पगाराची मर्यादा आली, त्यानंतर पेंग्विन्सनी २००९, २०१६ आणि २०१७ असे तीन स्टॅन्ली कप जिंकले. अमेरिकन फुटबॉलमध्ये आमच्याच शहराचे स्टीलर्स मर्यादेच्या चौकटीतच दबदबा राखून आहेत. शेजारच्याच दोन घरांत दिवाळी होत असताना पायरेट्सच्या चाहत्याला वाटणारच की आपल्याकडेही तोच नियम हवा. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सीरिज जिंकल्या, त्यांचा खर्च आमच्या कित्येक पट आहे, ही दरी मी नाकारत नाही.

पण हॉकीत २००५ मध्ये नुसतं छप्पर आलं नव्हतं, जमीनही आली होती. कमाल मर्यादेबरोबर किमान खर्चाचीही मर्यादा ठरली, आणि ते घडण्याआधी २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला होता. आयपीएलमध्येही तसंच आहे. २०२२ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला ९० कोटी रुपयांपर्यंत खर्चाची मुभा होती आणि निदान साडेसदुसष्ट कोटी खर्च करणं बंधनकारक होतं. कमाल मर्यादा श्रीमंताला आवरते, किमान मर्यादा कंजुषाला हलवते. आमच्याकडे टाळ्या पडतात त्या पहिलीला. दुसरी कानावरही येत नाही, किंवा आलीच तर इतकी खालची की कुणालाच तोशीस पडू नये. डॉजर्सनी उद्या निम्मा खर्च केला म्हणून पायरेट्सच्या बॅटमधून होम रन निघतील का? २०२५ मध्ये पायरेट्सनी ५८३ धावा काढल्या आणि ११७ होम रन मारले. दोन्ही आकडे तीस संघांत सर्वांत कमी. याला लॉस एंजेलिस जबाबदार नाही. आमच्याच गटातला मिलवॉकी हा संपूर्ण लीगमधल्या सर्वांत लहान बाजारपेठेचा संघ. त्याने त्याच वर्षी ९७ सामने जिंकले, तीसही संघांत सर्वांत जास्त. क्लीव्हलंड आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे, तिथेही पैशाचा पूर नाही, आणि तो संघ २०२४ आणि २०२५ मध्ये आपल्या गटात पहिला आला. मिलवॉकीने अजून एकदाही वर्ल्ड सीरिज जिंकलेली नाही हे खरं; शेवटच्या पायरीवर पैसा बोलतोच. पण आम्ही शेवटच्या पायरीबद्दल भांडत नाही आहोत. आम्ही पहिल्या पायरीवरच अडखळतो आहोत, आणि तिथे अडखळायला कुणी भाग पाडलेलं नाही.

पगारमर्यादेसाठी मालकांनी मागे एकदा निकराचा लढा दिला, त्याची किंमत कुणी मोजली हेही आठवावं. १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडूंचा संप सुरू झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजच रद्द झाली. दोन महायुद्धांत जे घडलं नव्हतं ते घडलं. त्या दिवशी लीगमध्ये सर्वांत पुढे कोण होतं? मॉन्ट्रियल एक्स्पोज, ७४ विजय आणि ४० पराभव. लहान उत्पन्नाचा, घरच्या घरी खेळाडू घडवणारा, आमच्यासारखाच संघ. संप मिटला तेव्हा मालकांनी खर्च कमी करायचा म्हणून तो चमू मोडून टाकला, आणि २००४ नंतर संघ वॉशिंग्टनला हलवला. छोट्या शहरांच्या नावाने लढलेल्या त्या लढाईत बळी गेला तो छोट्या खिशाच्या संघाचाच. पुढच्या हिवाळ्यात मालकांनी टाळेबंदी केली आणि २०२७ चा हंगाम अडकला, तर आमचा सर्वोत्तम पिचर पॉल स्कीन्स याच्या उमेदीतला एक हंगाम वाया जाईल. ज्यांना हे ‘आपल्या भल्यासाठी’ वाटतं, त्यांनी मॉन्ट्रियलच्या चाहत्यांना विचारून यावं.

कुणी म्हणेल, संघ ही खाजगी मालमत्ता आहे. मालकाने किती खर्च करावा हे तुम्ही कोण सांगणार? साध्या दुकानदाराबद्दल हे उत्तर पटलं असतं. दुकानदार वाईट माल विकायला लागला की समोर दुसरं दुकान उघडतं. बेसबॉलमध्ये ते उघडू शकत नाही. १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या खेळाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली आणि शंभर वर्षं झाली तरी तिचा गाभा टिकून आहे. पिट्सबर्गमध्ये दुसरा संघ काढायचा, तर लीगच्या परवानगीशिवाय काढता येत नाही, आणि ती परवानगी मालकांच्याच हातात. शिवाय ज्या मैदानावर हा खाजगी धंदा चालतो ते खाजगी नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये स्टेडियमसाठी विक्रीकर वाढवावा का, यावर नैर्ऋत्य पेनसिल्व्हेनियातल्या ११ काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) मतदान झालं आणि लोकांनी स्वच्छ नाही म्हटलं. तरी पुढच्याच वर्षी ‘प्लॅन बी’ नावाने दुसऱ्या वाटेने सार्वजनिक पैसा उभा केला गेला आणि २००१ मध्ये पीएनसी पार्क उघडलं. त्याची मालकी शहर आणि काउंटीच्या प्राधिकरणाकडे आहे. मैदान आवडतं म्हणून मला तो निर्णय आज बोचत नाही. पण लोकांचा पैसा घेताना जो धंदा सार्वजनिक असतो, तो हिशेब मागितला की एकदम खाजगी कसा होतो?

नियम बदलायला लावण्याइतकी ताकद चाहत्यांत असते का, ही शंका मला स्वाभाविक वाटते. ताकद आहे, पण ती मागणी नेमकी असेल तेव्हाच दिसते. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत फुटबॉल क्लबांनी स्वतःपुरती वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. लंडनमध्ये चेल्सीचे चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पाठपुरावा झाला, सरकारी समिती बसली आणि २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने इंग्लिश फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. अमेरिका आणि ब्रिटन हे देश वेगळे, कायदे वेगळे. पण गॅलरीतली घोषणा कायद्याच्या कलमापर्यंत जाऊ शकते, हे सिद्ध झालं.

जपानमधल्या हिरोशिमाचं उदाहरण मला याहून जवळचं आहे. अणुबॉम्बनंतर पाच वर्षांच्या आत त्या शहराने कार्प नावाचा बेसबॉल संघ मैदानात उतरवला, पाठीशी कोणतीही मोठी कंपनी नसताना. १९५१ मध्ये खेळाडूंचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत, संघ बंद पडायच्या बेतात आला. तेव्हा मैदानाच्या दाराशी साकेची पिंपं ठेवली गेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात जमतील तसे पैसे टाकले. अजून स्वतःची घरं धड उभी न राहिलेली माणसं होती ती. संघ वाचला. पहिलं लीग विजेतेपद मिळालं १९७५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. आणि २०१५ मध्ये त्यांचा जुना पिचर हिरोकी कुरोदा अमेरिकेतली कितीतरी मोठी रक्कम नाकारून तिथे परतला. पुढच्या वर्षी कार्पने लीग जिंकली. पिंपात पैसे टाकणाऱ्यांना कुणी विचारावं का, की हरणाऱ्या संघाला तुम्ही का पोसता?

पिट्सबर्गमध्येही गेल्या वर्षी याची छोटी चुणूक दिसली. एप्रिल २०२५ मध्ये मैदानाच्या उजव्या भिंतीवरचं क्लेमेंटेच्या २१ क्रमांकाचं चिन्ह काढून तिथे जाहिरात लावली गेली. ती भिंतच मुळी त्याच्या स्मरणार्थ २१ फूट उंच बांधलेली. क्लेमेंटे कोण, हे मराठी वाचकाला सांगायला हवं: पोर्तो रिकोचा हा खेळाडू कारकिर्दीत नेमके ३००० हिट पुरे करून, ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात गेला. आमच्या शहरात त्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. लोक खवळले, कुटुंबीयांनी नाराजी व्यक्त केली आणि संघाने चिन्ह परत लावलं, माफी मागितली. त्याच सुमारास मैदानाबाहेरच्या पदपथातल्या विटा एका भंगार केंद्रात सापडल्या. स्टेडियम बांधताना चाहत्यांनी पैसे भरून त्यांवर आपली, आपल्या आईवडिलांची नावं कोरून घेतली होती. त्याचीही संघाला दखल घ्यावी लागली. चिन्ह परत आलं ते कुणी मैदानाकडे पाठ फिरवली म्हणून नाही. मागणी नेमकी होती आणि तिला नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून आलं. घरच्या पहिल्या सामन्याला ‘सेल द टीम’च्या आरोळ्या उठल्या, आकाशात फलक घेऊन विमान फिरलं, तेव्हा मी स्वतः ओरडणाऱ्यांत होतो. पण संघ विका, ही मागणी मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे. किमान खर्चाची मागणी करारात लिहिता येते.

ती मी अशी लिहीन. सामायिक कुंडातून जितके डॉलर मिळाले, तितके पुढच्या तीन वर्षांत खेळाडूंच्या पगारावर आणि प्रशिक्षणावर खर्च झाल्याचा हिशेब संघाने जाहीर करावा. न झाल्यास उरलेली रक्कम कुंडात परत जावी. आणि पीएनसी पार्कचा भाडेकरार जेव्हा नव्याने होईल, तेव्हा प्राधिकरणाने दुरुस्तीचा सार्वजनिक पैसा याच हिशेबाला बांधावा. काउंटीच्या सभेला जाऊन बोलता येतं, आणि सामन्याला जाणाऱ्या माणसाला तिथे बोलण्याचा अधिकार घरी बसलेल्यापेक्षा कणभरही कमी नाही.

राहिला यंदाच्या आशेचा प्रश्न. तिला आधार आहेत. २०२५ मध्ये १२ विजय आणि २६ पराभव अशी सुरुवात झाल्यावर मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) डेरेक शेल्टनना हटवलं आणि डॉन केली आले. हा माणूस इथल्याच मातीतला, माउंट लेबननच्या शाळेत शिकलेला. त्याच्या हाताखाली संघाने ५९ सामने जिंकले आणि ६५ हरले. फार नाही, पण ज्या संघाला बॅटिंगच नव्हती त्याचे हे आकडे आहेत. या हिवाळ्यात टॅम्पा बेकडून ब्रँडन लो आला, गेल्या वर्षी ३१ होम रन मारलेला. रायन ओहर्नशी दोन वर्षांचा २ कोटी ९० लाखांचा करार झाला. बॉस्टनकडून तरुण जोस्टिन्क्सन गार्सिया आला. मोठ्या शहरात यावर बातमीसुद्धा झाली नसती. आमच्याकडे अनेक हिवाळ्यांनंतर संघ बाजारात उतरलेला दिसला. आमचा होतकरू खेळाडू कॉनर ग्रिफिन अजून विशीत पोचलेला नाही आणि त्याच्याबद्दल जाणकार ज्या सुरात बोलतात, तो सूर मी बऱ्याच वर्षांत ऐकलेला नाही. सिनसिनाटीने गेल्या वर्षी ८३ विजयांवर प्लेऑफ गाठलं. आम्ही ७१ वर होतो. बारा सामन्यांचा फरक म्हणजे साधारण दर दोन आठवड्यांत एक सामना. ५८३ धावांच्या संघाने आणखी शंभर धावा काढल्या तर तो भरून निघतो, हा माझा अंदाज आहे आणि तो अवास्तव नाही.

आणि पॉल स्कीन्स आहे. २०२५ मध्ये त्याने दर नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ धावा दिल्या, सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार एकमताने जिंकला, आणि तरी त्याच्या नावावर लागले १० विजय आणि १० पराभव, कारण तो पिच करत असताना आमचे फलंदाज धावाच काढत नव्हते. त्या वर्षीचा त्याचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर होता. त्याच वर्षी त्याच्या पदार्पणाच्या जर्सीचा तुकडा लावलेलं एक कार्ड लिलावात ११ लाख १० हजार डॉलरना गेलं. कागदाच्या एका तुकड्याची किंमत बाजार ओळखतो. त्या माणसाची किंमत संघाला ओळखायची आहे. २०२९ च्या हंगामानंतर तो मोकळा होईल. माझी मालकांकडे यंदाची एकच मागणी आहे: त्याच्याशी दीर्घ मुदतीच्या कराराची बोलणी आताच, या उन्हाळ्यात, डिसेंबरच्या वाटाघाटींचं निमित्त पुढे येण्याआधी सुरू करा.